दिवा थांबतो तेव्हा

मी तोंडाची फटकळ आहे, हे मला कुणी सांगायला नको. साताऱ्याला असताना आई म्हणायची, यामिनीची जीभ आधी धावत सुटते आणि डोकं मागून चपला शोधत येतं. तेव्हा मला त्यात कौतुक वाटायचं. आता पंचावन्नाव्या वर्षी वाटत नाही. का ते सांगते, पण त्यासाठी आधी अजेयबद्दल सांगायला हवं. अजेय खानझोडे. नाव अजेय, आणि त्याच्याइतका हरायला तयार असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कोलकात्याला मी नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीपायी आले. त्याच्या पुढे आणखी तीन बदल्या झाल्या, तो निवृत्त होऊन परतसुद्धा आला, मी मात्र बालीगंजच्या त्याच फ्लॅटमध्ये राहिले. कारण सॉल्ट लेकमध्ये मला मनासारखं काम मिळालं होतं. काम काय, ते सांगताना दरवेळी माझी त्रेधा उडते. नणंद विचारते, "म्हणजे तू नक्की करतेस काय गं?" मी तिला असं सांगते: समज, एका घरात आठ जावा आहेत आणि कोठीची खोली एकच. प्रत्येकीकडे आपापली एक वही. कोठीतल्या डब्याला हात लावायच्या आधी तिनं वहीत लिहायचं, की मी अमुक डब्यात अमुक भरणार आहे. मग भरायचं. मधेच तिला भोवळ आली, तर दुसरीनं तिची वही उघडायची आणि तिचं अर्धवट राहिलेलं पुरं करायचं. आमच्याकडे जावांच्या जागी मशिनी आहेत, कोठीच्या जागी सगळ्यांची मिळून एक डिस्क आहे आणि त्या वहीला जर्नल म्हणतात. एक मशीन मेलं की दुसरं त्याचं जर्नल वाचून निस्तरतं. या निस्तरण्यात जे घोळ होतात ते शोधायचे आणि दुरुस्त करायचे, हे माझं काम.

आणि मशिनी मारायचं काम अजेयचं.

त्याची माझी ओळख झाली ती मंडळाच्या गणपतीत. आपल्या लोकांचा कार्यक्रम, हॉलमध्ये शंभर-सव्वाशे माणसं, आणि माइकमधून सारखी घूं-घूं. सगळे नुसते माइकवर टिचक्या मारत होते. हा पोरगेला दिसणारा, तिशी ओलांडलेला माणूस भिंतीकडेनं वायरीवर कान लावत लावत गेला, कोपऱ्यातला एक प्लग उपटला, आणि घूं-घूं बंद. मी म्हटलं, "काय रे, वायरीशी बोलतोस की काय?" तो म्हणाला, "बोलत नाही, ताई. ऐकतो." मग म्हणाला, "चहा खाणार?" त्याचं मराठी असं. वडील मधुकरराव नागपूरकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून आले ते इथंच राहिले आणि इथंच गेले. अजेय दमदमला जन्मला, बंगाली शाळेत शिकला. बंगाल्यांसारखा तो चहाही खायचा आणि पाणीही खायचं म्हणायचा. मी चिडवायची, तो हसायचा.

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा होता. मी त्याला आमच्या लॅबमध्ये चिकटवून दिलं, कंत्राटावर. आमचं ऑफिस सातव्या मजल्यावर आणि लॅब तिसऱ्या मजल्यावर. लोखंडी मांडणीत आठ मशिनी, सारखा घोंघावणारा गार वारा, आणि स्वेटर घातलेला अजेय. चालू मशीनची वीज तोडायची, बाकीची मशिनी त्याची वही नीट वाचतात का बघायचं, आणि लिहून ठेवायचं. पुन्हा मशीन चालू करायचं, पुन्हा तोडायचं. दिवसातून वीस वेळा, कधी तीस. असं त्यानं अकरा वर्षं केलं.

तो वीज हातानं तोडायचा, वायर ओढून. बसल्या जागेवरून हुकूम देऊन मशीन बंद करता येतं, पण त्याला ते पटायचं नाही. "तसं केलं की मशीन निरोप घेऊन जातं, ताई. खरी वीज काय सांगून जाते?" वायर ओढण्याआधी तो मशीनवर एकदा हात ठेवायचा. मी एकदा पाहिलं आणि म्हटलं, "हे काय, बोकड कापतोस का देवाला?" तर लाजला. म्हणाला, "सवय आहे."

त्याच्याकडे एक जाड वही होती. प्रत्येक ओढणीला एक आकडा, तारीख, कुठलं मशीन, काय झालं. आणि चुकलं तर चुकलं म्हणून लिहायचा. कुणी बघत नसताना, कुणी विचारत नसताना. अशा माणसाला आपण भोळा म्हणतो. मीही म्हणायची.

ज्या वर्षी दुर्गापूजा लवकर आली, त्या वर्षीची गोष्ट. पंचमीच्या आत आमचं नवं व्हर्जन बाहेर पडायचं होतं. कोलकात्यात पंचमीनंतर काम म्हणजे अशक्य, तेव्हा सगळ्यांच्या माना मोडलेल्या. आमचे मॅनेजर दिलीपराव रोज येऊन विचारायचे, "झालं का?" आणि अशा वेळी अजेय वर आला, हातात वही. म्हणाला, "ताई, एक गोष्ट तीनदा झालीय. जुलैत एकदा, ऑगस्टात एकदा, आणि परवा."

झालं होतं ते असं. त्यानं तीन नंबरचं मशीन मारलं. पाच नंबरनं त्याची वही वाचायला घेतली. ते वाचत असतानाच त्यानं पाच नंबरही मारलं. म्हणजे जी निस्तरायला बसली तिलाच भोवळ! आता तिसरीनं दोघींच्या वह्या वाचायच्या. ती वाचते, आणि शेवटी डब्यात नवं असायला हवं तिथं जुनंच येऊन बसतं. हजारावर ओढण्यांत फक्त तीनदा.

मी विचारलं, "पाच नंबर कधी ओढतोस?"

"त्याचा दिवा थांबतो तेव्हा."

"कसला दिवा?"

"वही वाचताना त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो शेवटाकडे एक क्षण थांबतो. विझत नाही, थांबतो. तेव्हा ओढलं तरच होतं."

मी म्हटलं, "अजेय, आपण इथं आरती करतोय का?" आजूबाजूचे हसले. मीही हसले. काय डोंबल्याचा विनोद होता तो!

तरी मी माझ्या परीनं तपासलं, असं माझं म्हणणं होतं. एक प्रोग्रॅम लिहिला. तो आपोआप तीन नंबर मारायचा, बरोबर तीन सेकंदांनी पाच नंबर मारायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन हजार वेळा चालवला. एकदासुद्धा काही झालं नाही. मग मी अजेयला सांगितलं, "पुन्हा करून दाखव. उद्याच."

उद्या विश्वकर्मा पूजा होती. या गावात त्या दिवशी कुणी यंत्राला कामाला लावत नाही. गिरणीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे आपापल्या अवजाराची पूजा करतात, आकाशात पतंग असतात. अजेय दरवर्षी त्या दिवशी लॅबमध्ये जायचा, आठही मशिनींना चंदनाचं बोट लावायचा, फूल वाहायचा आणि एकही वायर न ओढता घरी जायचा. वर्षभर ज्यांना मारतो त्यांना एक दिवस सुट्टी. तो म्हणाला, "ताई, उद्या नको ना. परवा करतो, दुप्पट करतो." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझा विश्वकर्मा पंचमीच्या आधी व्हर्जन काढून देणार आहे का?"

तो आला. शनिवार होता, मजला रिकामा. चंदन लावलेल्या मशिनींच्या वायरी त्यानं दिवसभर ओढल्या. आणि त्या दिवशी, अकरा वर्षांत दोन-तीनदा झाली असेल तशी चूक झाली. पाचाऐवजी चार नंबर ओढला. तपासणीत अर्थात घोळ दिसला. त्यानं वहीत लिहिलं: 'पाचाऐवजी चार ओढली. मन जागेवर नव्हतं. माझी चूक. ही ओढणी मोजू नये.'

सोमवारी मी वही मागवून घेतली, ते पान वाचलं, आणि मला सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू? मला तेच हवं होतं. मी त्या दोषाची नोंद बंद केली. सगळ्या ऑफिसला दिसेल अशा जागी लिहिलं की दोन हजार वेळा तपासूनही दोष आढळत नाही, टेस्टरच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे त्यानं चुकीच्या मशीनची वायर ओढली होती, सबब दोष सॉफ्टवेअरचा नाही.

दुपारी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "ताई, ती एक वेगळी. ती मोजू नये असं लिहिलंय मी. आधीच्या तीन वेगळ्या आहेत."

"जो एकदा चुकतो तो तीनदाही चुकतो, अजेय."

"त्या तिन्हींत मी नंबर दोनदा बघितला होता."

"तुला वाटतंय बघितला होतास."

त्यानं टेबलावरची वही मिटली. मग म्हणाला, "एकदा खाली येऊन बघता? फक्त एकदा. मी ओढतो, तुम्ही दिवा बघा."

चार मजले. लिफ्टनं एक मिनिट. मी म्हटलं, "मला ती थंडी बाधते. आणि मला वेळ नाहीये."

"असेल," तो म्हणाला. "माझंच चुकलं असेल."

हे तो मला दुखवायला म्हणाला नव्हता. तो खरोखरच विचार करत होता, की आपलं चुकलं असेल का. हे मला तेव्हा कळलं नाही.

व्हर्जन वेळेत बाहेर पडलं. आम्ही पेढे नाही, संदेश वाटले. पूजेनंतर दिलीपराव म्हणाले, "तुमचा प्रोग्रॅम जर दोन हजार वेळा मशीन मारू शकतो, तर हातानं वायरी ओढायला माणूस कशाला?" मी तोंडाची एवढी फटकळ, पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. डिसेंबरात त्याचं कंत्राट संपलं, ते पुढे चालू झालं नाही. शेवटच्या दिवशी तो खजुराच्या गुळाचे संदेश घेऊन वर आला, सगळ्यांना दिले. वही माझ्या टेबलावर ठेवली. "तुमच्याकडे असू दे. मला आता काय करायचीय?" मी म्हटलं, "तुला काय, कुठंही काम मिळेल." वही खणात टाकली. नंतरच्या गणपतीत तो दिसला नाही. माइक घूं-घूं करत होता.

तीन वर्षांनी, यंदाच्या मार्चमध्ये, ज्याची धास्ती कुणालाच नव्हती ते झालं. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दक्षिणेतल्या एका इस्पितळात वीज गेली, एका पाठोपाठ दोन मशिनी पडल्या, आणि रुग्णांच्या दोन दिवसांच्या तपासण्यांवर त्याआधीच्या जुन्या तपासण्या येऊन बसल्या. नशीब, कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण लोकांना पुन्हा सुया टोचून घ्याव्या लागल्या, पुन्हा स्कॅनच्या यंत्रात जाऊन झोपावं लागलं. आमच्याकडे धावपळ सुरू झाली. सगळे म्हणत होते, असं होऊच शकत नाही. मी एकटी काही म्हणत नव्हते. मी खण उघडला.

वही काढून ती पानं शोधली. जुलैची नोंद: 'तीन ओढली. पाचचा दिवा थांबला तेव्हा पाच ओढली. नंबर दोनदा बघितला.' ऑगस्टची तशीच. सप्टेंबरची तशीच. प्रत्येक ठिकाणी 'नंबर दोनदा बघितला'. हे मी तेव्हाही वाचलं असणार. वाचूनही पुढच्या पानावर गेले असणार, जिथं मला हवं ते होतं.

शाल घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. इतक्या वर्षांत मी त्या मांडणीसमोर सलग दहा मिनिटं उभी राहिले नव्हते. तीन नंबरची वायर ओढली. पाच नंबरच्या वायरीला हात लावून दिव्याकडे बघत बसले. पहिला दिवस मला काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दिसलं. लुकलुकता लुकलुकता तो हिरवा दिवा थांबला, आपण बोलता बोलता आवंढा गिळतो तेवढाच वेळ. कधी दोन सेकंदांनी, कधी पाच, कधी सात. माझा प्रोग्रॅम आपला दर वेळी बरोबर तीन सेकंदांनी! दोन हजार वेळा मी एकाच चुकीच्या जागी शोधत होते आणि वर आकडा दाखवून मिरवत होते.

बासष्टाव्या ओढणीला ते झालं. पडद्यावर नव्याच्या जागी जुनं आलं. मी तिथंच फरशीवर बसले. लॅबमध्ये कुणी नव्हतं ते बरं झालं. मला रडू येत होतं आणि रागही, आणि राग काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

दुरुस्ती म्हणाल तर अकरा ओळींची. दिवा थांबतो तेव्हा पाच नंबरचं काम झालेलं असतं, फक्त 'झालं' असं लिहायचं राहिलेलं असतं. नेमकं तेव्हा ते मेलं, तर पुढचं मशीन आधी पाचाची वही वाचतं, मग तीनाची, आणि तीनाची जुनी ओळ पाचाच्या नव्या ओळीवर लिहून टाकतं. त्या ओळीला आता कुणी मोजायचं नसतं, हे त्याला कळत नाही. मी एवढंच घातलं, की लिहिण्याआधी जागा बघ, तिथं नंतरचं काही असेल तर मागचं त्यावर लिहू नकोस. मशीनला हे शिकवायला मला नऊ दिवस लागले. मी स्वतः अजेयच्या वहीशी काय केलं होतं? 'ही मोजू नये' म्हणून त्यानं बाजूला काढून ठेवलेली ओळ उचलली आणि त्याच्या तीन खऱ्या ओळींवर लिहून टाकली.

जुनी नोंद मी पुन्हा उघडली. तिच्याखाली लिहिलं की टेस्टरची चूक नव्हती, चूक माझी होती, मी खाली जाऊन बघितलं नाही. दुरुस्तीवर दोष शोधणाऱ्याचं नाव घालायची आमच्यात रीत आहे. तिथं घातलं: अजेय खानझोडे. दिलीपराव म्हणाले, "आता हे कशाला? बैल गेला नि झोपा केला." मी म्हटलं, "बैल दमदमला आहे. आणि त्याला सोमवारपासून परत घ्यायचाय." बरीच वादावादी झाली, पण मी ते पदरात पाडून घेतलं. दोन्ही कागद छापले, वही घेतली आणि रविवारी सकाळी सियालदहला गाडी बदलून दमदमला गेले.

दार त्याच्या आईनं उघडलं. सुलभाकाकू आता वाकल्या आहेत. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला तोंड लपवावंसं वाटलं. "या, या! तुम्ही त्याला कामाला लावलंत, मी सगळ्यांना सांगते. अजेय बाजारात गेलाय, येईलच." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "बरं झालं तो यायच्या आधी आलात. त्याला जरा समजवा. माझं ऐकत नाही."

"काय झालंय, काकू?"

"काय सांगू? तुमचं काम सुटल्यावर इन्व्हर्टरच्या दुकानात लागला होता. एकेक इन्व्हर्टर पाच-पाच वेळा तपासायचा. गिऱ्हाइकं खोळंबायची. मालक भला माणूस, पण किती दिवस सांभाळेल? मग सोडलंन. आता घरात फ्यूज उडाला तरी शेजाऱ्याला बोलावतो. म्हणतो, मी नको हात लावायला, माझं लक्ष राहत नाही. गोळी घेतली की मला विचारतो, आई, मी घेतली ना? सत्तेचाळीस वर्षांचा आहे हो तो. लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवायचा, एक कमी-जास्त नाही. त्याच्या लक्षाचं सगळे कौतुक करायचे. कुणाची दृष्ट लागली काय माहीत."

"दृष्ट नाही, काकू," मी म्हटलं. "मी लिहिलं होतं तो चुकला म्हणून. तो चुकला नव्हता."

सगळं सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या भाषेत. विश्वकर्मा पूजेचंही. त्या ऐकत होत्या, हातातल्या फडक्याची घडी करत, पुन्हा उलगडत. मला वाटलं, आता हाकलून देतील. दिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मग आता लिहा ना, तो बरोबर होता म्हणून."

"लिहिलंय. आणलंय."

"मग त्याला वाचून दाखवा," त्या म्हणाल्या आणि पोहे टाकायला आत गेल्या. आतून त्यांच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता.

अजेय आला. केस पांढरे झालेले, पण हसणं तेच. "ताई! चहा खाणार ना?" पिशवी ठेवली, पिशवीत डोकावला, पुन्हा डोकावला, आईला विचारलं, "आई, तू वांगी म्हणाली होतीस ना?" आणि माझ्यासमोर बसला.

मी कागद पुढे केले. आधी नोंद, मग दुरुस्ती, त्यावरचं त्याचं नाव. त्यानं सावकाश वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तीन वर्षं खांद्यावर असलेलं ओझं उतरताना कसं दिसतं, ते मला बघायचं होतं. मी त्यासाठीच आले होते, खरं सांगते. थोडं त्याच्यासाठी आणि बरंचसं माझ्यासाठी.

"चूक सापडली ते छान झालं," तो म्हणाला. "इस्पितळाचं वाईट झालं."

"अरे, तूच शोधलीस! तीन वर्षांपूर्वी. दिवा खरंच थांबतो रे. मी बघितला. बासष्टाव्या ओढणीला झालं."

"हो का? थांबतो ना?" क्षणभर, अगदी क्षणभर, त्याचे डोळे उजळले. मग त्यानं कागद घडीवर घडी करून टेबलावर ठेवला. "पण ताई, तुमचं तुम्ही नीट बघितलंत. मी तेव्हा पाचच ओढला होता का, ते आता कसं सांगू? चारही असेल."

"असेल काय, असेल? तुझ्या वहीत लिहिलंय!" मी वही उघडून त्याच्यापुढे आपटली. "हे बघ. नंबर दोनदा बघितला. तिन्ही वेळा!"

त्यानं वहीकडे बघितलं. आपल्याच अक्षरावरून बोट फिरवलं. हसला, मला वाईट वाटू नये म्हणून हसावं तसा.

"वहीत मीच लिहिलंय ना, ताई."

माझा तोल सुटला. मी ओरडले. काय काय म्हणाले आठवत नाही. तू बरोबर होतास, एवढं साधं तुला कळत नाही का, मूर्ख आहेस का, असलंच काहीतरी. माफी मागायला गेलेली बाई मी! सुलभाकाकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "ओरडू नका हो त्याच्यावर." तेव्हा गप्प झाले. हात जोडून म्हटलं, "माझं चुकलं, अजेय. मी खाली यायला हवं होतं." तो घाईघाईनं म्हणाला, "नाही, नाही, तुम्हाला थंडी बाधते ना." माझी सबब त्याच्या लक्षात होती. स्वतःचं खरं लक्षात नव्हतं.

सोमवारपासून ये म्हटलं. तो म्हणाला, "नको. भलतीच वायर ओढली तर?"

पोहे खाल्ले. निघाले तेव्हा तो स्टेशनपर्यंत पोचवायला आला. खालच्या लोखंडी सरकत्या गेटला त्यानं बाहेरून कुलूप लावलं, कारण आई वर एकटी होती. माझ्या डोळ्यांसमोर लावलं. गल्लीच्या तोंडाशी मिठाईच्या दुकानापर्यंत आलो आणि तो थबकला.

"ताई, कुलूप लावलं ना मी?"

"लावलंस. मी बघितलं."

त्यानं मान हलवली, पण पाऊल उचललं नाही. मी म्हटलं, "थांब, मी जाऊन बघून येते." गल्लीतून मागे गेले. कुलूप हातात धरून ओढून पाहिलं. पक्कं लागलं होतं. परत येऊन त्याला सांगितलं, "लागलंय. मी ओढून पाहिलं, अजेय. नीट लागलंय."

"हो, हो. थँक्यू, ताई." तो चार पावलं माझ्याबरोबर चालला. मग म्हणाला, "एक मिनिट हं," आणि मागे वळला.

मी दुकानापाशी उभी राहिले. तिथून गेट दिसत होतं. तो कुलपाशी वाकला. आधी त्यावर हात ठेवला, मशीनवर ठेवायचा तसा, आणि मग ओढलं. पुन्हा ओढलं. मी मोजत होते.